रिकॉलबद्दल बोलायलाच हवं : एका डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

एईडी म्हणजे हृदय अचानक थांबलं तर विजेचा शॉक देणारं, भिंतीवर टांगलेलं यंत्र. त्याच्या रिकॉलवरचा, म्हणजे दोष सापडल्यावर कंपनीने यंत्रं दुरुस्त करून किंवा बदलून देण्यावरचा, माझा लेख लोकांना घाबरवणारा आहे, असं तुम्ही लिहिलंत. तुम्ही सीपीआरची (कोसळलेल्या माणसाची छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची) शिबिरं घेता. माणसं आधीच यंत्राला हात लावायला बिचकतात, त्यात ‘हे बिघडू शकतं’ असं वाचलं तर पुढेच येणार नाहीत, हा तुमचा पहिला आक्षेप. दुसरा असा की यंत्र स्वतःची तपासणी स्वतःच करतं, हिरवा दिवा दाखवतं, मग आणखी कसली काळजी करायची? दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्यावर आपलं भांडण नाहीच. समोर माणूस कोसळलाय, श्वास थांबलाय आणि हाताशी असलेलं एकमेव एईडी रिकॉलच्या यादीतलं आहे, तर तेच लावायचं. फिलिप्सच्या हार्टस्टार्ट मालिकेतली यंत्रं २०१२ मध्ये आतल्या एका रेझिस्टरच्या (छोट्या विद्युत भागाच्या) दोषामुळे रिकॉलमध्ये आली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) त्यांच्याबद्दल पुन्हा सूचना काढली. बदली यंत्र मिळेपर्यंत जुनं जागेवरच ठेवा, असं त्यांनी त्यात स्पष्ट सांगितलं. कारण तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे : सीपीआर आणि शॉकविना जाणाऱ्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. शिबिरात हे जरूर सांगा. भीती जाते ती अशा स्पष्ट सांगण्याने. माहिती लपवली तर ती एक दिवस वर्तमानपत्रातून अर्धवट कळते, आणि तेव्हा विश्वास उडतो तो सगळ्याच यंत्रांवरचा.

हिरव्या दिव्याबद्दल मात्र मी ठाम आहे. नोव्हेंबर २००९ मध्ये कार्डिअ‍ॅक सायन्स कंपनीची सुमारे २ लाख ८० हजार यंत्रं रिकॉलच्या कक्षेत आली. आतला एखादा भाग निकामी होऊन ऐनवेळी शॉकच मिळणार नाही, असा तो दोष होता. कंपनीने स्वयंतपासणी सुधारणारं सॉफ्टवेअर दिलं. २०१० मध्ये एफडीएने सांगितलं की या सॉफ्टवेअरला काही दोष सापडतात, सगळे नाही. म्हणजे दिवा हिरवा आणि दोष आत तसाच, हे घडू शकतं. स्वयंतपासणी उपयोगाची आहेच, पण जे शोधायला तिला शिकवलंय तेवढंच ती शोधते.

लाइफपॅक १००० या एईडीचं प्रकरण तर मला प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला बसवून सांगावंसं वाटतं. जानेवारी २०१७, फिझिओ-कंट्रोल कंपनी, रिकॉलमध्ये १,३३,३३० यंत्रं. बॅटरी आणि यंत्र जिथे एकमेकांना टेकतात ते संपर्कबिंदू झिजायचे, त्यांच्यावर ऑक्साइडचा थर चढायचा, संपर्क अधूनमधून तुटायचा आणि यंत्र अचानक बंद पडायचं. रुग्णावर वापर चालू असतानाच बंद पडल्याच्या ३४ घटना कंपनीकडे आल्या होत्या.  यावर कायमची दुरुस्ती होईपर्यंतचा उपाय काय होता? बॅटरी काढायची, पुन्हा बसवायची, दर आठवड्याला. बस्स. यंत्र कुठेही परत पाठवायचं नव्हतं. पण सूचनेचं पत्र ज्याच्या हाती पडलं नाही, त्याने हे दोन मिनिटांचं काम केलं नसणार, आणि त्याला कधी कळलंही नसणार.

म्हणूनच माझा सगळा रोख यंत्रावर नसून, सूचना ज्या पत्त्यावर जायची त्या पत्त्यावर आहे. एफडीएने २०१५ च्या सुरुवातीला जाहीर केलं, की २००५ पासून एईडीचे १११ रिकॉल झाले आणि त्यांत २० लाखांहून अधिक यंत्रं होती. त्याच वर्षी त्यांनी या यंत्रांसाठी बाजारात येण्यापूर्वीची कडक मंजुरी सक्तीची केली. ते ठीकच झालं. पण आधीच भिंतीवर लागलेल्या यंत्राचं काय?

आपल्याकडे २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम आहेत, डिफिब्रिलेटर (शॉक देणारं यंत्र; एईडी त्याचाच प्रकार) त्यांच्या कक्षेत येतो, रिकॉलची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारावर आहे. कागद पुरेसा आहे. आयसीयूतलं यंत्र रोज कुणाच्या तरी हाताखालून जातं. मी बायोमेडिकल इंजिनिअर म्हणून तेच काम करतो. पण जिममधलं, मॉलमधलं, कुणी वडिलांच्या स्मरणार्थ सोसायटीला भेट दिलेलं यंत्र? बिल देणगीदाराच्या नावावर, वितरकाकडे नंबर तीन कमिट्यांपूर्वीच्या सेक्रेटरीचा. सूचना निघाली तरी ती पोचायची कुणाकडे? (छातीवर चिकटवायच्या पॅडवरचं जेल वाळून त्यांची मुदत संपलेली असते, तो आणखी वेगळा विषय.)

तुमच्या शब्दाला लोक मान देतात, डॉक्टरसाहेब, म्हणून एक विनंती करतो. शिबिराच्या शेवटी तिथलंच यंत्र खाली उतरवा. मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, पॅडची आणि बॅटरीची मुदत वाचा, आणि व्यक्तीच्या नव्हे तर संस्थेच्या ईमेलवर ते वितरकाकडे नोंदवायला लावा. यंत्र बिघडलेलं आढळलं तर गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे कळवता येतं. वैद्यकीय उपकरणांच्या तक्रारींसाठीचा त्यांचा कार्यक्रम जुलै २०१५ पासून चालू आहे आणि कळवायला डॉक्टर असण्याची अट नाही. नोंदणीच्या पत्राचा मराठी मसुदा माझ्याकडे तयार आहे. हवा असेल तर इथेच कळवा, लगेच पाठवतो.