मीटर, स्वयंपाकघर आणि बडोद्याचं पाणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

भांड्यांवर बसणाऱ्या पांढऱ्या थराबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर चार ओळींत मावणारं नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमच्या सोसायटीत बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरभर पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे मिलिग्रॅम, ११०० येतो, गीझरची कॉइल दोन वर्षांत गेली, सासूबाईंना मुतखड्याचा त्रास झाला, आणि तरी मी लोकांना आरओ, म्हणजे पाण्यातले क्षार गाळून काढणारं यंत्र, काढून टाकायला सांगते, हा बेजबाबदारपणा आहे, असं तुमचं म्हणणं. त्यावर शेवटचं वाक्य असं : "काकू, स्वयंपाकघरात उभं राहून पाण्याची पारख होत नाही, त्याला मीटर लागतो."

काकू म्हणालात त्याला हरकत नाही, वयाने असेनच. पण सूर कळायला मला वेळ लागत नाही. बाई स्वयंपाकघरातून बोलते आहे, म्हणजे तिला भांडी घासण्यापलीकडे काय ठाऊक असणार, असा तो सूर आहे. याच पानावर अनेकांनी माझ्याशी मतभेद दाखवले, आकडे देऊन दाखवले, मी त्यांचे आभारच मानले. तुम्ही आधी माझी जागा दाखवलीत आणि मग मुद्दा मांडलात. तेव्हा त्या एका वाक्याचं उत्तर आधी देते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाल्यावर मी बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका कारखान्यात पाण्याच्या प्रयोगशाळेत लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काम बॉयलरच्या पाण्याचं. बॉयलरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसला की उष्णता पलीकडे जात नाही, जळण जास्त लागतं, नळी तापून फुटण्याची भीती असते. म्हणून आत जाणारं पाणी आधी सॉफ्टनर नावाच्या यंत्रातून काढायचं आणि प्रत्येक पाळीला त्याची जडता, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम, तपासायची. पन्नास मिलिलिटर पाणी शंकूच्या आकाराच्या चंबूत घ्यायचं, त्यात अमोनियाचा बफर, मग चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग. पाणी जड असेल तर ते रेड वाइनसारखं तांबडं होतं. मग ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या काचेच्या नळीतून, कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं ईडीटीए थेंब थेंब सोडायचं आणि चंबू फिरवत राहायचा. तांबडा जांभळा होतो, जांभळ्यातून एका थेंबाला स्वच्छ निळा येतो, तिथे हात थांबला पाहिजे. सॉफ्टनर नीट चालत असेल तर पहिल्यापासून निळंच. लालसर झाक दिसली की ऑपरेटरला फोन करायचा, रेझिन (सॉफ्टनरमधले जडता धरून ठेवणारे मणी) थकलं, मिठाचं पाणी सोडा.

हे एवढं सांगितलं ते तुमच्या मीटरसाठी. सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. जडता शून्याजवळ येते. पण पाण्यात विरघळलेला ऐवज जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून तुमचं पेनसारखं मीटर सॉफ्टनरच्या आधी बुडवा किंवा नंतर, आकडा फारसा हलत नाही. एक पाणी नळ्या खाणारं, दुसरं बॉयलरला चालणारं, आणि मीटरला दोन्ही सारखीच. कारण ते मीटर जडता मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज सांगतं. कोणते पदार्थ, ते सांगत नाही. पिशवीचं वजन करून आत गहू आहेत की खडे, हे कळत नाही. आणि जंतू तर त्याला अजिबातच दिसत नाहीत. गटाराचं पाणी मिसळलेल्या नळाचा टीडीएस २५० येऊ शकतो, आणि तुमचं मीटर तो आकडा निमूटपणे दाखवेल. आरओ विकायला येणारा माणूस मात्र तेच मीटर खिशातून काढतो आणि घरातल्यांना घाबरवतो.

आता स्वयंपाकघर. दांडिया बाजारात आमच्या वाड्यात विहीर होती आणि नळही होता. आजी वरणाची डाळ नळाच्याच पाण्यात शिजवायची, विहिरीचं पाणी भांड्यांना आणि अंगणाला. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ तासभर शिजली तरी दाणा दाणा वेगळा राहायचा. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला धरून ठेवतं, हे मला विद्यापीठात समजलं. आजीला ते चुलीपाशी कळलेलं होतं आणि तिचा निर्णय अचूक होता. साबणाला फेस न येता बादलीत दह्यासारखी साय धरणं, हीसुद्धा जडतेचीच खूण. केटलीच्या तळाशी बसलेला पांढरा थर घ्या, त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतात, थर सुटतो. ते कॅल्शियम कार्बोनेट. उकळल्यावर जी जडता जाते ती तळाशी बसलेली तुम्हाला डोळ्यांनी दिसते. उरते ती सल्फेट आणि क्लोराइडची, ती कितीही उकळा, जात नाही. तुरटीनेही जात नाही, तुरटी गढूळपणा बसवते एवढंच. जडता ओळखायला स्वयंपाकघरासारखी जागा नाही, आणि हे मी रागाने नव्हे, पूर्ण विचाराने लिहिते आहे.

गीझरचा तुमचा मुद्दा मात्र बरोबर आहे. बोअरच्या पाण्याने कॉइलवर थर चढतो आणि ती जळते. लेखात गीझरचा उल्लेख नव्हता, असता तर बरं झालं असतं. फक्त एवढं लक्षात घ्या की स्वयंपाकघरातला आरओ तुमच्या बाथरूममधला गीझर वाचवत नाही.

मुतखड्याबद्दल : सासूबाईंना त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण तो पाण्यामुळेच झाला असं डॉक्टरांनी सांगितल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडतेसाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. मुतखड्याच्या रुग्णाला डॉक्टर भरपूर पाणी प्यायला सांगतात. यापुढे मी बोलणार नाही, तो त्यांचा प्रांत.

आणि आरओ काढा असं मी सरसकट म्हटलेलंच नव्हतं. ज्यांच्या घरी फक्त महापालिकेचं, आजवा तलावाचं किंवा मही नदीचं, पाणी येतं आणि ज्यांचा टीडीएस ५०० च्या आत आहे, त्यांना आरओची गरज नाही, असं वाक्य होतं. पहिला अर्धा भाग सोडून दुसरा उचलायचा आणि मला बेजबाबदार ठरवायचं, हे न्यायाचं नाही. राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाला हेच सांगितलं होतं, की ५०० च्या खाली आरओला मनाई करा. कारण साधं आहे, ग्लासभर पाण्यासाठी दोन-तीन ग्लास मोरीत जातात. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० बघा : लिटरमागे मिलिग्रॅममध्ये टीडीएस ५०० पर्यंत, जडता २०० पर्यंत. दुसरा स्रोतच नसेल तर अनुक्रमे २००० आणि ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा. तुमचे ११०० या दोन रेघांच्या मधले आहेत. पिण्यासाठी तुम्ही आरओ ठेवा, मी कुठे नको म्हटलंय?

पण तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात, आणि मला तेच सगळ्यात जास्त खटकलं. महापालिकेचं पाणी आणि बोअरचं पाणी तुमच्याकडे जमिनीखालच्या एकाच टाकीत पडतं. निमेट्याच्या जलशुद्धीकरण केंद्रातून शुद्ध होऊन, क्लोरीन घालून आलेलं पाणी तुम्ही बोअरच्या पाण्यात मिसळता, उरलासुरला क्लोरीन तिथेच संपतो, आणि मग तेच पाणी यंत्रातून काढायला प्रत्येक फ्लॅटमध्ये पैसे मोजता. मानकाप्रमाणे नळाशी लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा आणि १०० मिलिलिटर पाण्यात कोलिफॉर्म, म्हणजे मैला मिसळल्याची शंका आणणारे जंतू, एकही सापडता कामा नये. तुमच्या टाकीतल्या पाण्याची ही तपासणी शेवटची कधी झाली? तिचं झाकण नीट बसतं का? ड्रेनेजचा चेंबर तिच्यापासून किती अंतरावर आहे? अशा जंतूंची शंका तपासणारी हायड्रोजन सल्फाइडची चाचणी-बाटली आणा, टाकीतलं पाणी भरून घरात एक-दोन दिवस ठेवा. काळी पडली तर ते पाणी उकळल्याशिवाय कोणी पिऊ नका, लहान मुलं तर नाहीच.

मग सोसायटीच्या बैठकीत मांडा की पालिकेच्या पाण्याला वेगळी छोटी टाकी आणि प्रत्येक स्वयंपाकघरात वेगळी पाइपलाइन हवी, बोअर फक्त संडास, फरशी आणि बागेसाठी. खर्च सगळ्यांत वाटला जाईल. कमिटी ऐकत नसेल तर तपासणीचा अहवाल मला पाठवा, पत्राचा मसुदा मी करून देते.