'स्माइल मेली' हा दावा कुठे टिकतो, कुठे नाही

वेब डेव्हलपरांमध्ये एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचं सार असं: 'एसएमआयएल ऊर्फ स्माइल ही मल्टिमीडिया सादरीकरणाची मार्कअप भाषा (खुणांचे टॅग घालून लिहायची भाषा) कधीच मेली. क्रोमने 2015 साली तिला काढून टाकलं. आज ती कुणीच वापरत नाही. तिचं सगळं काम व्हिडिओ टॅग आणि चार ओळींची जावास्क्रिप्ट करते.'

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. डब्ल्यूथ्रीसीने, म्हणजे वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने, 15 जून 1998 रोजी स्माइल 1.0 ही शिफारस म्हणून जाहीर केली, तेव्हा अपेक्षा अशी होती की चित्र, आवाज, मजकूर आणि व्हिडिओ एका वेळापत्रकात बांधलेली सादरीकरणं वेबवर सर्रास दिसतील. तसं झालं नाही. रिअलप्लेअर आणि क्विकटाइम या मीडिया प्लेअरांनी ती चालवली. मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररमध्ये एचटीएमएल+टाइम नावाचा स्वतःचा अवतार आणला, तो इतर ब्राउझरांनी उचलला नाही. अख्खी स्माइल फाइल ब्राउझरमध्ये थेट उघडून चालेल, हे आजवर जमलेलं नाही. मानकाचा विस्तारही दडपून टाकणारा होता. 2008 मध्ये 3.0 आवृत्ती आली तोवर वेब दुसरीकडे वळलं होतं. दाव्याची खरी बाजू एवढीच.

आता क्रोमचं. 2015 मध्ये क्रोमच्या चमूने एसव्हीजीमधलं (वेबवरच्या रेखाचित्रांच्या स्वरूपातलं) स्माइल ॲनिमेशन टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा इरादा जाहीर केला, हे खरं. त्याऐवजी सीएसएस (पानाची मांडणी-सजावट सांगणारी भाषा) ॲनिमेशन आणि जावास्क्रिप्टमधून चालवायची वेब ॲनिमेशन्स वापरा, असं त्यांचं म्हणणं होतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेव्हलपरांसाठीच्या संदेशांच्या खिडकीत, इशारेही झळकू लागले. पण वापरणाऱ्यांनी हरकती घेतल्या आणि ऑगस्ट 2016 मध्ये तो निर्णय स्थगित झाला. पहिल्या बातमीवरून लिहिलेले लेख मात्र अजून फिरतायत. आज क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी तिन्हींत ते ॲनिमेशन चालतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एज ब्राउझरमध्ये ते नव्हतं, पण जानेवारी 2020 मध्ये एज क्रोमियमवर (क्रोमच्याच पायावर) गेला आणि तीही अडचण संपली. ज्याला शंका असेल त्याने एसव्हीजीत एक 'ॲनिमेट' टॅग टाकून बघावा, मिनिटभराचं काम आहे.

सगळ्यात फसवा भाग चार ओळींच्या जावास्क्रिप्टचा. समजा, निवेदन चालू आहे आणि त्याबरोबर स्लाइड बदलायच्या आहेत. टायमर लावला की झालं, असं वाटतं. मग नेट मंदावतं, ऑडिओ बफरिंगसाठी थांबतो, टायमर मात्र पुढे धावत राहतो. वापरकर्त्याने दुसरा टॅब उघडला की ब्राउझर मागच्या टॅबमधल्या टायमरांना आवर घालतो. म्हणून टायमर सोडून ऑडिओच्या चालू वेळेला धरावं लागतं, आणि तिची सूचना साधारण पाव सेकंदाच्या अंतराने येऊ शकते. वाचल्या जाणाऱ्या मजकुराचा रंग वाक्यागणिक बदलायला कदाचित चालेल, शब्दागणिक नाही. त्यात कुणी दहा सेकंद मागे गेलं, तर त्या क्षणी पडद्यावर काय काय असायला हवं होतं, हे पुन्हा काढावं लागतं. एवढं सगळं हाताळेपर्यंत चार ओळींच्या चारशे होतात आणि आपण एक छोटं, अर्धवट स्माइल इंजिन लिहून बसलेलो असतो.

स्माइलमध्ये हे नाती सांगून होतं. 'पार' म्हणजे एकत्र चालवा, 'सेक' म्हणजे एकामागून एक. 'हे चित्र निवेदन संपल्यावर दोन सेकंदांनी आण' असं थेट लिहिता येतं. उद्या तेच निवेदन दुसऱ्या भाषेत ध्वनिमुद्रित झालं आणि लांबलं, तरी चित्राची वेळ आपोआप सरकते, एक आकडाही बदलावा लागत नाही. कोणत्या भाषेचं निवेदन वाजवायचं हे 'स्विच' ठरवतो. एक माध्यम अडकलं तर बाकीच्यांनी थांबायचं की पुढे जायचं, हेही 2.0 पासून गुणधर्म लिहून सांगता येतं. अनेक माध्यमं एका घड्याळावर चालवण्यासाठी वेबपानांच्या एचटीएमएल भाषेत नंतर मीडिया-कंट्रोलर नावाची सोय आली होती, पण ती मानकातून काढून टाकली गेली. म्हणजे ही गरज भागवणारं तयार साधन आजही ब्राउझरात नाही.

सगळं एका व्हिडिओत ओतून टाका, हा सल्ला सोपा आहे आणि पुष्कळदा पुरतोही. फक्त त्यातला मजकूर मग मजकूर राहत नाही. तो शोधता येत नाही, मोठा करता येत नाही, स्क्रीन रीडरला दिसत नाही, आणि एक चूक सुधारायची तर अख्खा व्हिडिओ पुन्हा रेंडर, म्हणजे नव्याने तयार करायचा.

'कुणीच वापरत नाही' हे विधान तर वापरणाऱ्यांकडे न बघताच केलेलं आहे. दृष्टिहीन वाचकांसाठीची डेझी या मानकातली बोलकी पुस्तकं स्माइलवरच उभी आहेत: वाक्यावाक्याने पुढे-मागे जाणं, पानांचे आकडे किंवा तळटीपा वगळून ऐकणं, हे सगळं त्यातूनच येतं. ईपब 3 या ई-पुस्तकांच्या स्वरूपामधल्या मीडिया ओव्हरलेत, जिथे वाचला जाणारा भाग उजळत जातो तिथे, एकेका 'पार'मध्ये मजकुराचा पत्ता आणि ऑडिओच्या तुकड्याची सुरुवात-शेवट अशी जोडी असते. ईपब 3.3 ही मे 2023 मधली डब्ल्यूथ्रीसी शिफारस आहे आणि ती सोय तिच्यातही कायम आहे. एमएमएसमधल्या (मोबाइलवरच्या चित्रसंदेशांतल्या) चित्र-मजकूर-आवाजाचा क्रम स्माइलच ठरवत आली. उपशीर्षकांसाठीच्या टीटीएमएल या भाषेने 'बिगिन' (सुरुवात), 'एंड' (शेवट), 'ड्युर' (कालावधी) हे गुणधर्म आणि एकत्र-क्रमाने हा हिशेब स्माइलकडूनच घेतला. त्या टीटीएमएलच्या कामासाठी 2016 साली डब्ल्यूथ्रीसीला तांत्रिक विभागातला एमी पुरस्कार मिळाला. मेलेल्या भाषेचा हा वारसा बरा म्हणायचा!

या फिरत्या मजकुराखाली हमखास येणारी आणखी एक तक्रार: स्माइल ज्यात लिहितात ती एक्सएमएल ही टॅगांची लेखनपद्धत फार शब्दबंबाळ, हाताने लिहवत नाही. खरं आहे. नुसती उपशीर्षकं हवी असतील तर वेबव्हीटीटी घ्या, ती साध्या मजकुराची फाइल आहे आणि ब्राउझरला थेट कळते. पण तीनशे पानांच्या बोलक्या पुस्तकाच्या वेळा हाताने भरतो कोण? एनीअससारखं साधन मजकूर आणि ध्वनिमुद्रण घेऊन दोन्हींची जुळणी करतं आणि स्माइल फाइल काढून देतं. माणसाने फक्त घसरलेल्या जागा दुरुस्त करायच्या.