लँडलाइन काढून इंटरनेट फोन घ्यावा का : 'अमळनेरकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमळनेरकर, सप्रेम नमस्कार.

लँडलाइन सोडण्याची घाई करू नये, असे सुचवणाऱ्या माझ्या लेखावर आपण परखड आणि मुद्देसूद लिहिलेत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे, की तांब्याच्या तारेची भलामण करून मी खान्देशातल्या वयस्कर मंडळींना विनाकारण घाबरवले. इंटरनेट फोनचा आवाज तुटतो आणि त्याला वेगवान जोडणी लागते, ही माझी विधाने चुकीची आहेत. आणि लाइट गेली की फोन बंद पडतो ही तक्रार दीड हजाराच्या छोट्या यूपीएसने निकालात निघते. शेवटी आपण विचारले आहे, की आपण पुण्यात आणि आई-वडील अमळनेरला अशा स्थितीत त्यांची लँडलाइन बदलावी की नाही, एवढे सरळ सांगा.

आवाज आणि वेग या दोन्ही बाबतींत चूक माझी आहे. माझ्या डोक्यात अजून डायल-अपचे दिवस होते. १ एप्रिल २००२ पासून आपल्याकडे इंटरनेटवरून बोलण्याची मर्यादित मुभा मिळाली, तेव्हा सायबर कॅफेत बसून परदेशातल्या माणसाशी बोलताना वाक्याचे शेपूट आधी आणि डोके नंतर ऐकू यायचे. तोच अनुभव मी आजच्या फायबरला चिकटवला. वास्तविक दूरध्वनी केंद्रांत वापरली जाणारी नेहमीची पद्धत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेते आणि त्याचे ६४ केबीपीएस (सेकंदाला ६४ हजार बिट) होतात. इंटरनेटवरून पाठवताना प्रत्येक तुकड्यावर पत्ता वगैरे चिकटवावा लागतो, ते धरूनही एका बाजूला ८० ते ९० केबीपीएसच्या पुढे गरज जात नाही. म्हणजे सर्वांत स्वस्त फायबर जोडणीतही आवाजासाठी रस्ता शंभरपट रुंद असतो. अडचण रुंदीची नसून विलंबाची असते. आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर माणसे एकमेकांच्या बोलण्यावर बोलत नाहीत, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते, आणि फायबर ही अट सहसा सहज पाळते. लेखातला तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

विजेच्या मुद्द्यावर मात्र मी माघार घेणार नाही, आणि इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण यूपीएस आणला की प्रश्न मिटला असे मलाही वाटले होते.

लँडलाइनच्या साध्या वायरवाल्या फोनला घरातली वीज लागतच नाही. त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज दूरध्वनी केंद्रातून त्याच दोन तारांवरून येते, आणि केंद्रात त्यासाठी बॅटऱ्यांची रांग आणि जनरेटर असतो. गावभर अंधार असतानाही रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू यायचा तो यामुळे. (कॉर्डलेस फोन घेतलेल्यांना ही सोय कधीच नव्हती, हे आपण लिहिले नसले तरी खरे आहे.) फायबरवर आलेल्या फोनमध्ये डायल टोनसुद्धा आपल्या भिंतीवरचा फायबरचा डबाच (मोडेम) तयार करतो; डबा मेला की टोनही गेला. फायबर काचेचे असते, त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही.

माझी आई फैजपूरला राहते. मृगाच्या तोंडावर आमच्याकडे येणारे वादळ आपल्याला सांगायला नको. तासाभरात केळीची उभी बाग आडवी होते आणि तारांवर झाडे पडतात, मग लाइट रात्रभर येत नाही. अशाच एका वादळात तिचा नवा फोन पहिल्याच मिनिटाला बंद पडला. दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या मोबाइलवरून मला एकच प्रश्न विचारला, "लाइट गेली ते ठीक, पण फोन कसा काय गेला?" मी लगेच छोटा यूपीएस आणून लावला. डब्याला १०-१२ वॉट लागतात, त्यामुळे तो दोन-तीन तास तरी चालेल असा माझा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. पुढच्या वेळी लाइट गेली तेव्हा डबा चालूच राहिला. मात्र त्यावरचा जोडणी चालू असल्याचा 'पॉन'चा हिरवा दिवा विझला आणि सिग्नल गेल्याचा 'लॉस'चा लाल दिवा लुकलुकू लागला. आईने मला दिव्याचा रंग सांगितला तेव्हा मला वाटले, वादळात वायर तुटली. वायर शाबूत होती. गावात ज्या खोलीतून फायबरचे फाटे निघतात, तिथल्या यंत्राची बॅटरी संपली होती, आणि ती खोली सांभाळणारा स्थानिक इंटरनेट-चालक सकाळी वीज येण्याची वाट पाहत होता.

त्या खोलीपासून आपल्या घरापर्यंत मध्ये कुठेही वीज लागत नाही, ही या रचनेची मोठी जमेची बाजू आहे. एका फायबरचे ३२ किंवा ६४ फाटे निव्वळ काचेच्या जोरावर होतात. त्यामुळे सगळा भार दोन टोकांवर येतो. आपल्या टोकाचा यूपीएस आपण विकत घेऊ शकतो, पलीकडच्या टोकाचा नाही. पूर्वी फोन जिवंत ठेवणे हे केंद्रातल्या कर्मचाऱ्यांचे काम होते. आता त्यातले अर्धे आपल्या घरी आले आहे, आणि उरलेले अर्धे नेमके कोणाकडे गेले हे ग्राहकाला जोडणी घेताना कोणी सांगत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे.

मोबाइल असताना चिंता कसली, असेही आपण म्हणता. मोबाइलच्या टॉवरलाही बॅटरीच असते, आणि वादळाच्या रात्री सगळा गाव एकाच वेळी मोबाइल हातात घेतो. शिवाय जुन्या धाब्याच्या घरात, दोन हात जाड मातीच्या भिंतींच्या आत, मोबाइल एरवीही ओसरीवर येऊनच लागतो. वाय-फायवरून बोलायचे, तर तो पुन्हा त्याच फायबरवर अवलंबून.

आता तांब्याच्या तारेविषयी, जिची भलामण केल्याचा आरोप आपण केला आहे. तिचे दोष मी लेखात झाकले, हे मान्य. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरले की पलीकडचा आवाज खरखरीत बुडतो. वीज कडाडली की धातूच्या तारेवरून झटका थेट घरात येतो आणि फोन जळतो. काचेच्या फायबरला ही भीती नाही, फक्त घरापर्यंतच्या केबलला आधाराची लोखंडी तार असेल तर ती डब्यापर्यंत न आणता बाहेरच कापायला सांगावी. आणि सर्वांत मोठी अडचण माणसांची आहे. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलमधून सुमारे ७८,५०० कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले, आणि खांबावरच्या पेटीत शंभर जोड्यांमधून नेमकी आपली जोडी काढणारे जाणते लाइनमन आता कमीच राहिले आहेत. तेव्हा तांब्याची तार अजून दहा वर्षे निर्धास्त चालेल असे मी कोणालाही सांगणार नाही.

फोन बदलला तरी नंबर तोच ठेवता येतो, हा आपला मुद्दा अर्धा बरोबर आहे. मोबाइलला कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. लँडलाइनला ती नाही. त्यामुळे त्याच कंपनीच्या फायबरवर जात असाल तर जुना नंबर चालू राहील का हे लेखी विचारावे, आणि दुसऱ्या कंपनीकडे जात असाल तर जुना नंबर गेलाच असे समजावे. वीस-पंचवीस वर्षे लग्नपत्रिकांवर, दुकानाच्या पाटीवर आणि गॅसच्या पुस्तकावर छापला गेलेला नंबर किती मोलाचा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

एक गोष्ट आपल्या प्रतिक्रियेत नाही आणि माझ्या लेखातही नव्हती. अॅपवरून चालणारा इंटरनेट नंबर माणसाबरोबर फिरतो, त्यामुळे ११२ ला फोन केल्यावर तो नंबर कोणत्या घरातून बोलतो आहे हे पत्त्यावरून कळेलच असे नाही. दूरसंचार नियामक 'ट्राय'ने २०१७ च्या शिफारशींतही अशा सेवांची ही मर्यादा ग्राहकाला आधी सांगावी, असे म्हटले होते. आई-वडील दोघेच राहत असतील, तर अॅपपेक्षा घरातल्या डब्याला जोडलेला फोनच बरा.

जळगावच्या सराफ बाजारात काही दुकानांतली चोरीची घंटा अजून लँडलाइनवरून आपोआप नंबर फिरवते. तिथे फोन बदलण्याआधी ती घंटा लावणाऱ्यालाच विचारावे, कारण चोर आधी वीजच तोडतो.

आपल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे : बदला, पण जुनी लँडलाइन त्याच दिवशी परत करू नका. एक पावसाळा दोन्ही चालू ठेवा. भाडे दुहेरी पडेल, ते पडू द्या. फायबरच्या डब्याला कॉर्डलेस न जोडता साधा वायरवाला, बटणांचा फोन जोडा; चकतीचा जुना फोन असेल तर त्याचे फिरवणे बऱ्याच डब्यांना कळत नाही. घरातली जुनी फोनची वायरिंग वापरायची असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची जोडी तिच्यापासून आधी सोडवा, नाहीतर केंद्रातले ४८ व्होल्ट उलटे डब्यात शिरून तो खराब होईल. आणि चालकाला वेगाविषयी कमी विचारा, त्याच्या खोलीतली बॅटरी किती तास चालते हे आधी विचारा.

आखाजीला घरी याल तेव्हा उन्हाने लोड वाढून लाइट तशीही जात असेल; गेली नाही, तर संध्याकाळी घरातला मेन स्विच आपणच बंद करा, यूपीएसवर फोन किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा, आणि त्या अंधारात वडिलांना स्वतःच्या हाताने आपल्या मोबाइलवर फोन लावायला सांगा. काय झाले ते इथे जरूर लिहा. माझा अंदाज चुकला तर लेखात तीही दुरुस्ती करेन.