जे जास्त असेल ते

आमच्या घरात क्रेडिट कार्डाचं बिल वाचायचं काम माझ्याकडे आहे. पात्रता एवढीच, की चष्मा माझाच सर्वांत जाड. त्यामुळे मेहुणा "दाजी, हे जरा बघा" म्हणत आला, तेव्हा मी मुकाट्याने दिव्याखाली सरकलो.

त्याने कार्डावर एटीएममधून रोख रक्कम उचलली होती. यंत्राने अर्ज मागितला नाही, जामीन मागितला नाही, नातेवाइकांसारखं "कशाला हवेत?" असंही विचारलं नाही. पिन दाबला, नोटा आल्या. इतकं सभ्य कर्ज आयुष्यात पाहिलं नाही, असं तो तेव्हा चारचौघांत सांगत होता.

सभ्यपणाचं बिल आता माझ्या हातात होतं. सुरुवातीलाच रोख उचल शुल्क: रकमेच्या अमुक टक्के किंवा किमान अमुक, यांपैकी जे जास्त असेल ते. "जे कमी असेल ते" असं कलम मी अजून कुठल्याच बिलावर वाचलेलं नाही. किमान शुल्क १०० असेल आणि तुम्ही ५०० उचललेत, तर पाकीट उघडायच्या आत वीस टक्के गेले.

"पण दाजी, बिल भरायच्या शेवटच्या तारखेपर्यंत व्याज नसतं ना?"

"ती चैन खरेदीला. रोख रकमेवर नोटा हातात पडल्या त्या दिवसापासून व्याज. काही कार्डांवर तर दरही खरेदीपेक्षा चढा."

"तीनच टक्के तर आहे."

"महिन्याला! चक्रवाढीने वर्षाचे साडेबेचाळीसच्या वर जातात."

तो गप्प झाला. मला मात्र चेव चढला. दहा हजार उचलून दहा दिवसांत फेडले, तरी ३ टक्क्यांनी शुल्क ३०० आणि व्याज साधारण १००. म्हणजे दहा दिवसांचे चार टक्के, वर्षाच्या हिशोबाने १४६! एवढा दर सांगताना सावकारसुद्धा निदान खाली बघेल. शिवाय शुल्क थकबाकीतच मिसळलं, की त्यावरही व्याज. यंत्र दुसऱ्या बँकेचं असेल तर कधी कधी त्याचं भाडं वेगळं, परदेशात उचलले तर चलन बदलाचा आकार वेगळा. रिवॉर्ड पॉइंटचं विचारूच नका; ते सहसा मिळतच नाहीत.

"पण मी सगळं बिल भरलं होतं," तो म्हणाला. "मग या महिन्यात परत व्याज कसलं?"

याचं उत्तर द्यायला मलाही जरा जड गेलं. बिल तयार झाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं व्याज पुढच्या बिलात येतं. निरोप घेतलेला पाहुणा दारात उभा राहून अर्धा तास बोलतो ना, तसं.

मेहुण्याने थोडा वेळ छताकडे बघितलं. मग त्याच्या चेहऱ्यावर तेज आलं. "म्हणजे गोची एटीएमची आहे. पुढच्या वेळी कार्डावरून वॉलेटमध्ये पैसे टाकतो आणि तिथून काढतो. ती खरेदीच झाली की!"

मी चष्मा पुसला, अटींचा कागद उलटला आणि सर्वांत बारीक टाइपात छापलेला परिच्छेद त्याला मोठ्याने वाचून दाखवला: वॉलेटमध्ये भरणा, जुगाराच्या सोंगट्या, परकीय चलन आणि मनीऑर्डर, हे सर्व व्यवहार रोख उचल समजले जातील.

"वॉलेट आणि जुगार एकाच ओळीत?" तो म्हणाला.

"बँकेने आपल्याला नीट ओळखलंय," मी म्हणालो आणि कागद त्याच्या खिशात कोंबला.