पुंडलिकाची अर्धीच कथा
पुंडलिक लहानपणापासूनच आईवडिलांची सेवा करायचा, हे पुंडलिकावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य खटकलं. आजीने आम्हाला सांगितलेल्या कथेत तो आधी त्यांना छळणारा मुलगा आहे. काशीच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले. मग आईवडिलांचे पाय चेपताना प्रत्यक्ष विठ्ठल दारात आला तरी तो उठला नाही, देवाला उभं राहायला वीट पुढे सारली. आधीचा पश्चात्तापच गाळला तर त्या विटेला अर्थ काय उरतो?

आणि त्याचं देऊळ लेखात आलंच नाही! पंढरपूरला चंद्रभागेच्या वाळवंटात आहे, मोठा पूर आला की पाण्यात जातं. आजी स्नान करून ओल्या लुगड्यानेच आधी तिथे माथा टेकायची, मग विठ्ठलाच्या राउळाकडे वळायची. जयघोषातही ‘पुंडलिक वरदे’ आधी, विठ्ठल नंतर.