व्हर्जिलचे विडंबन करणारे कवी अडाणी नव्हते

फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या भाचीने एक संदेश पाठवून ‘मामा, हे खरे का?’ असे विचारले. सतराव्या शतकात, रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनिड’सारख्या लॅटिन महाकाव्यांची विडंबने करणाऱ्या फ्रेंच कवींना लॅटिन येत नव्हते, अभिजाताचा द्वेष हेच त्यांचे भांडवल होते, दरबाराने त्यांना त्यासाठीच शिक्षा केली आणि बोआलो या कवी-समीक्षकाने हा प्रकार कायमचा संपवला, असे त्यात छातीठोकपणे म्हटले आहे. विद्यार्थी हा मजकूर टिपणांत उतरवून घेत आहेत, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

लॅटिनविषयीचा आरोप सर्वांत निराधार आहे. पॉल स्कारोंच्या ‘व्हिर्जिल त्राव्हेस्ती’चा, म्हणजे ‘ईनिड’च्या विडंबनाचा, पहिला सर्ग १६४८चा. ‘ईनिड’च्या अनेक जुन्या छापील प्रतींत आरंभी चार जादा ओळी असत; त्यांत कवी आपण पूर्वी गोपगीते गायल्याचे सांगून युद्धाकडे वळतो. स्कारोंही ‘ज्या मी पूर्वी टायफनला गायिले’ अशीच सुरुवात करतो, कारण १६४४मध्ये त्याने खरोखरच त्या राक्षसावर विनोदी काव्य लिहिले होते; आणि मग महाकाव्याचा नायक, धर्मनिष्ठ ईनिअस, याच्या पाठीवर सगळ्या देवांबरोबर करड्या दाढीचे देखणे ‘श्रीयुत वडील’ही लादतो. मूळ ओळी ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच यातली सगळी गंमत कळते. ब्रेबफ या दुसऱ्या कवीने तर रोमन कवी लुकनच्या ‘फार्सालिया’ या महाकाव्याचा गंभीर पद्यानुवाद केला आणि १६५६मध्ये त्याच काव्याचे विडंबनही लिहिले. याला द्वेष कसे म्हणावे?

दरबाराची गोष्टही उलटीच आहे. स्कारोंने पहिला सर्ग राणीला अर्पण केला होता. त्याचे दरबारी वेतन पुढे गेले ते मुख्यमंत्री माझारँविरुद्धच्या राजकीय लेखनामुळे.

बोआलोबाबत अर्धसत्य मान्य करावे लागते. १६७४च्या ‘काव्यकले’त त्याने या शैलीला झोडपले, आणि नकला खालावल्या होत्या हेही खरे, ख्रिस्ताच्या यातनांवरसुद्धा या विडंबनांच्या छंदात काव्य निघाले होते. पण त्याच वर्षी त्याने ‘ल ल्युत्रँ’ प्रसिद्ध केले. त्यात पॅरिसच्या सँत-शापेलमधील धर्मगुरूंचे पोथी ठेवण्याच्या घोडीवरून झालेले भांडण महाकाव्याच्या थाटात रंगवले आहे. प्रस्तावनेत तो स्पष्ट लिहितो की जुन्या प्रकारात ‘ईनिड’मधली राणी डायडो आणि ईनिअस मासळीवाल्या आणि हमालांसारखे बोलत, तर आपल्या या नव्या बर्लेस्कमध्ये (विनोदी विडंबनात) घड्याळजी आणि त्याची बायको डायडो-ईनिअससारखे बोलतात. हा प्रकार पुसून टाकायला निघालेला माणूस त्याची नवी तऱ्हा काढून तिच्यावर स्वतःचा हक्क सांगत नाही. जुनी तऱ्हाही संपली नव्हती. नाटककार मारिव्होने ‘इलियड’चे विडंबन १७१६मध्ये छापले, तेव्हा बोआलोला जाऊन पाच वर्षे झाली होती.