बॅकअप आहे हो, रिस्टोअरचं बोलू नका

आमच्या ऑफिसात "बॅकअप आहे ना?" असं विचारलं की सगळे एका सुरात "आहे" म्हणतात. "कधी रिस्टोअर करून, त्यातून डेटा परत काढून पाहिलाय?" म्हटलं, की प्रत्येकाला कुठली ना कुठली मीटिंग आठवते.

रोज सकाळी बॅकअपच्या मेल येतात. सगळ्या हिरव्यागार. हिरवं म्हणजे फाइल लिहिली गेली, एवढंच. ती उघडेल, असं कुणी म्हटलेलं नसतं. तरी आमच्या मेल निदान येतात. प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीने ३१ जानेवारी २०१७ ला चुकून चालू डेटाबेस पुसला, तेव्हा कळलं की बॅकअप कधीपासूनच फसत होता आणि तसं सांगणाऱ्या मेल पोचतच नव्हत्या! कुणीतरी भलत्याच कामासाठी सहा तासांपूर्वी काढून ठेवलेल्या स्नॅपशॉटवर, म्हणजे डेटाच्या त्या क्षणाच्या प्रतीवर, निभावलं.

आमच्याकडे परवा अकाउंट्समधून फोन आला. कुणीतरी डिलीट चालवलं होतं, व्हेअर, म्हणजे नेमक्या कुठल्या नोंदी पुसायच्या ते, लिहायचं राहिलं. सगळ्याच गेल्या.

"रेप्लिका आहे ना?" साहेब म्हणाले.

आहे की, मूळ डेटाबेसमधला प्रत्येक बदल उतरवून घेणारी दुसरी प्रत. पण ती इतकी आज्ञाधारक, की तिनेही लगोलग सगळं पुसलं होतं.

मग फॉर्म. बॅकअपवाले वेगळे, डिस्क देणारे वेगळे, परवानगी देणारे वेगळे, आणि एन्क्रिप्शनची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. 'निकडीचे कारण' या रकान्यात मी लिहिलं, 'डेटा नाही.' फॉर्म परत आला: 'कारण सविस्तर द्यावे.'

सविस्तर दिलं. मग रविवारचा फुल बॅकअप, त्यावर कालचा डिफरन्शियल, म्हणजे रविवारनंतर बदललेलं तेवढं, त्यावर नंतरच्या बदलांच्या नोंदी असलेल्या लॉगच्या फाइली ओळीने. मधली एक गहाळ झाली की पुढच्या सगळ्या असून नसल्यासारख्या. माझ्या खुर्चीमागे ही गर्दी. त्यातले निम्मे कोण, ते मला अजून माहीत नाही. नव्वद टक्के. पंचाण्णव. शंभर! आणि तिथेच अडकलं. अर्धवट राहिलेले व्यवहार मागे फिरवणं आता कुठे सुरू झालेलं असतं, आणि त्याचे टक्के कुणी दाखवत नाही.

"शंभर झालं ना? मग?"

"होतंय."

"म्हणजे झालं नाही?"

"झालंय. होतंय."

डेटाबेस आला एकदाचा. पण लॉगिन कुणाचंच होईना. नव्या सर्व्हरवर जुन्या युजरना ओळखणारं कुणी नव्हतं. तेही जुळवलं. तोवर साहेबांनी ऑडिटच्या फॉर्ममध्ये नोंद करून टाकली होती: 'रिस्टोअरची वार्षिक चाचणी नियोजनाप्रमाणे पार पडली.'